खाजेचे दिवाणजी

कबनूरच्या चौकात चहाच्या गाड्यावर कुणी मनगट खाजवलं, की दिवाणजी हजर. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढं तो खडखडाट शीव ओलांडून कबनुरात आला. त्या खडखडाटात दिवाणजींची तीस वर्षं गेली. समोरच्याचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागतं. पण कातडीवर फिरणारं नख रस्त्यापलीकडून ऐकू येतं.

"दाखवा बघू," म्हणत ते हात धरतात. वैद्य नाडी धरतो तसा नव्हे, ठाण तपासतात तसा. चार बोटं खाली, अंगठा वर, तोंड उजेडाकडं. पन्नास मीटर कापडात एक तुटलेली तार त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कातडीचं मात्र त्यांच्याकडं एकच निदान असायचं.

"गजकर्ण हाय. काय घाबरायचं काम न्हाई."

मग खिशातून तंबाखूच्या पुडीमागून ट्यूब निघायची. शेपटाकडून गुंडाळत आणलेली, पोट खपाटीला गेलेली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड, तिन्ही एकात. "तिन्हीतलं एक तरी लागतंयच की वो!" २०१८ साली सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दिवाणजींनी मनाई मनापासून पाळली. "चिठ्ठीच पायजे न्हवं? मी देतो की." आणि सुताच्या बिलामागं ट्यूबचं नाव लिहून, खाली सही ठोकून, माणूस मेडिकलला धाडला.

त्यांचा दवाखाना जोरात होता, कारण मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबायची. महिन्याभरानं ती दुप्पट होऊन परत यायची, तेव्हा पेशंट म्हणायचा, "लावायचं बंद केलं, माझीच चूक."

हिशेब चुकला तो घरात. चार वर्षांच्या नातवाला कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यांमागं लाल, खरखरीत चट्टे आले. पोरगं रात्रभर खाजवायचं, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. आजोबांनी ट्यूब चालवली. चट्टे गेले, आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या फेरीला सूनबाई पोराला उचलून इचलकरंजीला कातडीच्या डॉक्टरकडं गेल्या. दिवाणजी मागोमाग, मदतीला म्हणून.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "घरात कुणाला दमा, सकाळच्या शिंका?" दिवाणजींनी उत्तरादाखल तीन शिंका दिल्या.

"आजोबा, हे इसब. गजकर्णाला गोल कडा असते, मधली कातडी बरी दिसते. त्यावर नुसतं स्टिरॉइड चोळलं की बुरशीला मेजवानी. घरातल्या सगळ्यांनाच रात्री बोटांच्या बेचक्यात खाज सुटली, तर खरूज समजायची. इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. याची कातडी मुळात कोरडी पडते, ओल धरत नाही. कोमट पाण्यानं झटपट आंघोळ, अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच क्रीम भरपूर लावायचं. नखं कापायची."

"म्हंजे स्टिरॉइड वाईटच?"

"वाईट नाही, बेहिशेबी वाईट. तुमच्या बोटाच्या पहिल्या पेरावर मावेल तेवढं, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. किती दिवस, ते मी सांगेन."

हिशेब म्हटल्यावर दिवाणजी सावरून बसले. क्रीमचं मात्र पटेना. औषध नसलेलं मलम रोज थापायचं कशाला? घरी येताना रिक्षात ते गप्प होते. सायझिंग कारखान्याच्या धुराड्यापाशी एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "खळ!"

दुसऱ्या दिवशी चौकात प्रवचन झालं. "बीम मागावर चढवायच्या आधी सुताला खळ का लावतो आपण? कोरडी तार घासली की तुटती. कातडी म्हंजे ताणाच की! रोज खळ लावा, तार तुटायची न्हाई. आन् मागच बिघडला, तर मग दुरुस्तीला जॉबर बोलवायचा. जॉबर म्हंजे स्टिरॉइड. त्याला काय रोज मागावर बसवून ठेवता काय?"

डॉक्टरांना एवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

आता खिशात तंबाखूमागं पेट्रोलियम जेलीची डबी असते. मागाचं तेल काढायला रॉकेलनं हात धुणाऱ्या जॉबरांची ते बोटं तपासतात, भेगा मोजतात आणि रॉकेल सोडायचा दम देतात. सुताच्या बिलामागं आता डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याची वेळ लिहून देतात. खाली सही कायम.

परवा माझ्याही मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली लाल उठलं. मी म्हटलं, "दिवाणजी, आजच जातो डॉक्टरकडं."

"जावाच की," हात ओढून उजेडाकडं वळवत ते म्हणाले, "पण एकदा माझ्याकडनं तपासून जावा. फॉल्टी माल आपण असाच फुडं पाठवत न्हाई."