आजोबांना धार

मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या शकुंतला नावाच्या गाडीचं वाफेचं इंजिन 1994 साली निवृत्त झालं. त्याआधी कधीतरी मामांनी मूर्तिजापूर स्टेशनात आजोबांना त्या इंजिनापुढे उभं करून कृष्णधवल फोटो काढला. निगेटिव्ह अजून शाबूत आहे. फोटोतले आजोबाही शाबूत होते. मग अमरावतीच्या एका स्टुडिओत त्यांचं स्कॅनिंग झालं.

"काका, पाहा नं, कसं कडक आलं!" संगणकावरच्या पोरानं स्क्रीन वळवली. आजोबांच्या गालांवर ज्वारी वाळत घातली होती. इंजिनाचा धूरही दाणेदार. धोतराची किनार तेवढी होती तशीच मवाळ.

पोरानं लावलेली ही धार, म्हणजे शार्पनिंग, मुळात डार्करूममधली. निगेटिव्हवरून मुद्दाम अस्पष्ट, फिकट पॉझिटिव्ह बनवायची आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून प्रिंट काढायची. म्हणून नाव अनशार्प मास्क. संगणक आता तीन आकडे मागतो: अमाउंट, रेडियस, थ्रेशोल्ड. इथे पहिला भरपूर होता, दुसरा इतका बारीक की कडांऐवजी कणच सापडावेत, आणि तिसरा शून्य. थ्रेशोल्ड शून्य म्हणजे शेजारच्या ठिपक्यांत किंचित फरक दिसला की ती कड. फिल्मवरचा चांदीचा कण आणि आजोबांची मिशी यांत मग भेदभाव उरत नाही. समतेचं हे तत्त्व मला एरवी मान्य आहे.

शिवाय स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनं आधीच एकदा धार लावलेली होती. ती बंद कर, मी सुचवलं. फोटो आधी प्रिंटच्या मापाला लहान कर, बरेच कण आपसूक विरतात. मग थ्रेशोल्ड थोडा वाढव, कडांचा मास्क कर, आणि मिशी, डोळे, इंजिनाचे रिव्हेट एवढ्यांनाच हलकी धार दे. गाल आणि धूर सोडून दे.

"त्याले टाइम लागते नं, काका." दुकानात गिऱ्हाईक मी एकटाच होतो.

त्यापेक्षा त्यानं सगळे कणच पुसले. आजोबा मेणाचे झाले. मग कुठल्याशा एआय अ‍ॅपमधून त्यांना लांब पापण्या आल्या, ज्या आमच्या घराण्यात कोणालाच नाहीत.

तिन्ही आजोबा मी अकोल्याच्या मावसभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. त्याला ज्वारीवाले पसंत पडले. फ्रेमचं माप त्यानं लगेच कळवलं, आणि खाली लिहिलं, "अजून थोडा शार्प होते का, विचारजो."