‘सगळं आमच्यावर सोडा’ म्हणणाऱ्या टूरवाल्यास खुले पत्र

श्री. ‘सगळं आमच्यावर सोडा’ यांस,

तुमचं खरं नाव तुमच्या पत्रकावर ठळक छापलेलं आहे. ते मी इथं लिहीत नाही. तक्रार अर्जावर त्याची जागा आहे, तिथं लिहीन. इथं तुमच्या तोंडचं वाक्यच तुमचं नाव म्हणून घेते, कारण माझ्या भावाला तुम्ही जे विकलंत ते हे वाक्यच. बस तुमची नव्हती, भाड्याची होती. पार्क दुसऱ्याचं, जेवण तिसऱ्याचं. या सगळ्या व्यवहारात तुमच्याकडं स्वतःची अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माहिती. पहिल्यांदाच थीम पार्कला निघालेल्या घराकडं ती नव्हती, म्हणून ते घर तुमच्या दारात आलं. तुम्ही तिचेच पैसे घेतलेत आणि तीच दिली नाहीत.

माझा भाऊ करवीर तालुक्यात ऊस करतो. आमच्याकडं डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. रस्त्यावर ट्रॉल्या, कारखान्याबाहेर गाड्यांच्या रांगा, घरात तोडीच्या तारखेची काळजी. ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मागंपुढं होतं, पण या दिवसांत शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येतात हे कागल-शिरोळपर्यंतच्या प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असतं. तुम्हालाही ठाऊक आहे. तुमचं ‘नाताळ स्पेशल’चं पत्रक आमच्या गावच्या दूध संस्थेत नेमकं बिलं निघायच्या आठवड्यात येऊन पडलं. त्यावर सांताक्लॉज, बर्फ, रोलर कोस्टर आणि मोठ्या अक्षरांत ‘व्हीआयपी एंट्री’.

आता मला सांगा, आमच्या गावच्या पोरांना नाताळची सुट्टी असते का? दिवाळीची असते, मे महिन्याची असते. नाताळला आमच्या शाळा २५ डिसेंबरचा एक दिवस बंद राहतात आणि दुसऱ्या दिवशी भरतात. आठ-दहा दिवसांची सुट्टी असते ती शहरातल्या कॉन्व्हेंट शाळांना. त्या शाळांतली मुलं, त्यांचे आईबाप, मुंबई-पुण्यातली नोकरदार मंडळी हे सगळे नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यातच बाहेर पडतात, कारण त्यांना दुसरा आठवडा नसतो. माझ्या भावाला होता. पोरीची शाळा त्याला बुडवायचीच होती. मग ती जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी बुडवली असती तर काय बिघडलं असतं? तिकीट स्वस्त पडलं असतं, रांगा आखूड असत्या, बसही वेळेत पोचली असती. हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. तो तुमच्या टेबलासमोर बसून विचारत होता, “साहेब, तारीख कुठली धरू?” आणि तुम्ही वर्षातली सगळ्यात गर्दीची, सगळ्यात महाग तारीख त्याच्या हातात ठेवलीत, कारण तुमची बस भरायची राहिली होती.

खोपोलीजवळचं ते पार्क, पूर्वीचं ॲडलॅब्स इमॅजिका आणि आताचं इमॅजिका, २०१३ मध्ये सुरू झालं. मनमोहन शेट्टी यांनी ते उभं केलं. २०२२ पासून संगमनेरचा मालपाणी समूह ते चालवतो. माझी तक्रार पार्कबद्दल नाही. राईड उत्तम आहेत, तिथली माणसं पोराबाळांशी नीट वागतात. पण तिथं काय लागतं, किती वेळ जातो, कुठलं तिकीट कशाला चालतं, हे कोल्हापुरातून निघायच्या आधी कळायला हवं. तेवढ्यासाठीच मधला माणूस असतो.

तुम्ही सांगितलंत, “दहाला तावडे हॉटेलपाशी उभे राहा, सकाळी गेट उघडताना आपण दारात.” बस मध्यरात्र उलटल्यावर आली. मग जयसिंगपूरचं एक कुटुंब यायचं होतं म्हणून थांबली. कोल्हापूर ते खोपोली तीनशे किलोमीटरच्या वर अंतर. त्यात खंबाटकी, पुण्याचा बायपास आणि पुढं सुट्टीच्या दिवसाचा बोरघाट. नाताळला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळा-खंडाळ्याच्या पट्ट्यात गाड्या तुंबतात, ही बातमी दर वर्षी पेपरात येते. तुम्ही पेपर वाचत नाही असं मी समजू? की वाचूनही वेळापत्रक तसंच छापलंत? नाश्त्याला बस ठरलेल्याच हॉटेलात थांबली आणि तिथं तासभर गेला. गेटातून आत पाऊल पडलं तेव्हा दुपारची जेवणं सुरू झाली होती.

‘व्हीआयपी एंट्री’ म्हणजे काय, हे आत गेल्यावर कळलं. काहीच नाही. रांग टाळायची तर अशा पार्कांत वेगळं, जादा पैशाचं तिकीट असतं. ते तुम्ही घेतलेलं नव्हतं. तुमचा पोरगा आमच्या मनगटाला पट्ट्या बांधून झाडाखाली जाऊन बसला.

रांगेचं गणित फार अवघड नाही. ते तुम्ही कागदाच्या कोपऱ्यावर मांडून दाखवलं असतं तरी माझ्या भावानं तारीख बदलली असती. राईड किती माणसं फिरवते हे ठरलेलं असतं. गर्दी वाढली म्हणून ती जोरात पळत नाही. समजा, एका फेरीत ३० माणसं बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक फेरी सुटते. म्हणजे तासाला ६०० माणसं. रांगेत १५०० असतील तर शेवटचा माणूस अडीच तासांनी बसतो. अडीच तास उभं राहायचं आणि दोन-तीन मिनिटं फिरायचं. पार्क जगात कुठंही असो, हा हिशेब तोच. १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत पहिलं डिस्नेलँड उघडलं, त्या दिवशी बनावट निमंत्रणांवर माणसं आत घुसली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी होऊन सगळी व्यवस्था कोलमडली. तेव्हापासून गर्दी कशी आवरायची हाच या धंद्याचा मुख्य अभ्यास आहे. म्हणूनच तारखेनुसार तिकिटाचे दर बदलतात, म्हणूनच रांग टाळायचं तिकीट निघालं. आणि हा धंदा करणारे तुम्ही, फोनवर मला म्हणता, “ताई, गर्दी काय आमच्या हातात असते का?”

गर्दी तुमच्या हातात नव्हती. तारीख होती.

उंचीचं तर माझ्या डोक्यातून जातच नाही. भावानं तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, पोरगी नऊ वर्षांची आहे, अंगानं बारीक आहे, तिला सगळीकडं बसता येईल का? तुम्ही म्हणालात, “सगळ्या राईड चालतात, सगळं आमच्यावर सोडा.” नायट्रो नावाची तिथली मोठी राईड ताशी १०५ किलोमीटरच्या वेगानं जाते. पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी, आणि माणूस अडकून राहतो ते खांद्यावरून येणाऱ्या कडीनं. कडी अंगाला घट्ट बसली पाहिजे, म्हणून उंचीची अट असते आणि ती असलीच पाहिजे. पट्टी रांगेच्या तोंडाशीच उभी होती. माझी भाची तिच्यासमोर जाऊन पाठ टेकून उभी राहिली. आदल्या दिवशी आईकडून मुद्दाम उंच बांधून घेतलेली पोनीटेल तिथल्या मुलानं हलकेच बाजूला केली आणि डोक्यावर आडवा हात धरला. तिनं टाचा उचलल्या. तो हसला, खाली वाकून म्हणाला, “पुढच्या वर्षी ये हं.” ती माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, “आत्ती, त्या काकांनी तर चालतं म्हणून सांगितलेलं.” ते काका म्हणजे तुम्ही.

भाऊही मग चढला नाही. त्याची गोष्टही तुम्हाला सांगते, कारण गिऱ्हाईक म्हणजे नुसतं एक सीट नसतं. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि त्याच्या टीव्हीवरच्या जाहिराती आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराला पाठ होत्या. भावाच्या शाळेची सहल तिथं गेली, त्या वर्षी आमच्या घरात सहलीचे पैसे निघाले नाहीत. तो कधी त्यावर बोलला नाही. २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा म्हणाला, “आक्का, आता पोरीला तरी कुठंतरी न्यायला पाहिजे.” आमच्या घरची सहल म्हणजे जोतिबा, पन्हाळा, फारतर गणपतीपुळे. पैसे साठवायला त्याला तीन हंगाम लागले. ते सगळे तुमच्या टेबलावर आले.

पत्रकात वॉटर पार्कचा फोटो होता, बर्फाचा होता. तिथं थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. आमच्या पैशात फक्त पहिलं होतं. हे तुम्ही कुठं लिहिलं होतंत? बर्फाच्या दारापर्यंत जाऊन पोरगी परत फिरली. तिकीट काढायला भावाच्या खिशात तेव्हा पैसे नव्हते. चार जणांच्या खाण्यात ते गेले होते. कारण डबा तुम्हीच न्यायला सांगितला होता. वहिनीनं रात्री जागून धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली, भडंग भरलं. बाहेरचं खाणं आत चालत नाही, हा नियम अशा जवळजवळ सगळ्याच पार्कांत असतो. पिशवी बसमध्ये ठेवा म्हणाले, आणि बस लांब पार्किंगला. आमची आई सत्तरीची आहे, तिला गुडघ्याचा त्रास आहे, साखरेची गोळी आहे. ती वेळेला खाते. त्या दिवशी ती बाकावर बसून उपाशी वाट बघत राहिली, कारण तिथल्या दराचं खाणं घ्यायला ती तयार होईना.

संध्याकाळी दिव्यांची रोषणाई सुरू झाली, पोरांचे चेहरे जरा फुलले, तोच तुमचा पोरगा शिट्टी वाजवत आला. ड्रायव्हरची वेळ झाली, चला.

मी नंतर फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात की बुकिंग पुण्याच्या ऑफिसचं आहे, काय असेल ते तिकडं जाऊन बोला. तर ऐका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापुरात. पुण्याला यायची पाळी आमच्यावर नाही, कोल्हापूरच्या आयोगापुढं यायची पाळी तुमच्यावर आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. जे देणार नाही ते जाहिरातीत दाखवणं याला त्या कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणतात. तुमचं पत्रक, पावती आणि भावाच्या मोबाईलवरचे तुमचे मेसेज यांच्या प्रती मी काढल्या आहेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवूनही झाली आहे.

मला काय हवं ते सांगते. ‘व्हीआयपी एंट्री’च्या नावाखाली घेतलेले पैसे आणि न दाखवलेल्या दोन पार्कांचे पैसे त्या बसमधल्या प्रत्येक घराला परत करा, नुसते आम्हाला देऊन तोंड बंद करू नका. त्या बसमध्ये इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणारं एक जोडपं होतं. ते तुमच्याशी भांडायला येणार नाहीत, त्यांची एक पाळी बुडते. त्यांच्या घरी तुम्ही जा.

आणि पुढच्या पत्रकावर सांताक्लॉजपेक्षा मोठ्या अक्षरांत छापा: कुठल्या पार्कचं तिकीट आहे, कुठल्याचं नाही, उंचीची अट काय, डबा आत जातो की नाही, बस किती ठिकाणी थांबून माणसं घेणार. त्याखाली लिहा, की नाताळच्या आठवड्यात गर्दी फार असते आणि ज्यांना शाळेची अडचण नाही त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या वारी यावं. तुमची बस तरीही भरेल. गावागावांतून पहिल्यांदा निघालेली माणसं आहेत, पोरांना काहीतरी दाखवायचं म्हणून निघालेली. त्यांना खरं सांगणारा माणूस मिळाला तर ती दर वर्षी त्याच्याकडंच येतील.

मे महिन्याची पत्रकं तुम्ही फेब्रुवारीत छापायला टाकता, असं छापखान्यातून कळलं. त्याआधी लेखी उत्तर द्या. पत्ता पावतीवर आहे.

त्या मुलीची आत्ती,
कोल्हापूर