कोरडवाहू कप्तान

आमच्या जामसांवली-सौंसरकडे पाणी मोजतात ते मोटारीच्या तासांवर. विहीर किती तास चालते, यावर संत्र्याची बाग ठरते आणि कधी कधी मुलाचं लग्नही. समुद्र बघायचा तर आधी नागपूर गाठा, मग रात्रभर विदर्भ एक्स्प्रेस. अशा मुलखात कप्तान का निपजावा, देव जाणे. पण मित्रांच्या प्रत्येक टोळक्यात एक असतोच.

आमचा कप्तान शाळेत भूगोल शिकवतो, घरी संत्र्याची बाग आहे, पोहता येत नाही. मेहुण्याकडे मुंबईला तो एकदा राहून आला आणि तेव्हापासून त्याला डावी-उजवी बाजू उरली नाही, पोर्ट आणि स्टारबोर्ड झाली. "पोर्टले लाल दिवा, स्टारबोर्डले हिरवा," तो सांगतो. लाल दिवा म्हणजे कलेक्टर, एवढंच आम्हाला ठाऊक. तोही गाडीवरून केव्हाच उतरला.

शिडाच्या बोटीचा बेत ठरला तशी त्याने मोबाइलवर 'आरमार' नावाचा ग्रुप काढला. रोज सकाळी कान्होजी आंग्रे, संध्याकाळी गाठींचे व्हिडिओ. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, वाटेत फक्त चार ठिकाणी थांबले. हे तो अशा थाटात सांगे, की पाचवा थांबा सौंसरला होता आणि चहा याच्याच घरी झाला. गोठ्यातलं दावं घेऊन तो 'बोलाइन' गाठ शिकत होता. तासाभराने सालदार म्हणाला, "मास्तर, सुटते हे. आना इकडं." आणि त्याने न बघता गाठ मारली. कप्तानाने त्याला तिचं इंग्रजी नाव सांगितलं. म्हणजे श्रेय विभागून.

समुद्रावर आपला वारसाहक्क आहे, हे तो नकाशावर सिद्ध करतो. "अबे, आपल्या जामचं पानी कन्हानीत जाते, कन्हानीचं वैनगंगेत, मंग प्राणहिता, मंग गोदावरी. बंगालचा उपसागर आपलाच झाला का नाही?"

"मंग मास्तर, मुंबईले कायले चाललो? थो तं अरबी हाय ना."

"उपसागराचा वारा बराबर नाही," कप्तान म्हणाला आणि नकाशाची घडी केली.

निघताना जामसांवलीच्या मारुतीला नारळ. आमचा मारुती आडवा पहुडलेला आहे. समुद्राचा प्रत्यक्ष अनुभव असलेला तालुक्यात तेवढा एकच, आणि त्यालाही बोट लागली नव्हती. कप्तानाने हात जोडून त्याला आमचा सगळा मार्ग समजावून सांगितला.

तिकिटं, शिदोरी, उलटीच्या गोळ्या, संत्र्यांची बोरी, सगळं त्यानेच केलं. गेटवेवर बोट मिळाली ती तांडेलासकट, हे मात्र त्याला रुचलं नाही. तांडेल साठीचा कोळी, शब्दांना महाग. बोटीत पाय टाकताच कप्तानाने हुद्दे वाटले. मी 'फर्स्ट मेट'. काम काय, तर तो बोलेल ते ऐकणं. म्हणजे बढती नाहीच. मग किनाऱ्याकडे बोट करून त्याने १८४६ सालच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची माहिती तांडेलाला दिली. तांडेलाने मान हलवली. तो जन्मापासून ती इमारत बघत असावा.

"वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जातच नाही," कप्तान आम्हाला म्हणाला. "पंचेचाळीस अंश इकडं, मंग तितकंच तिकडं. असं नागमोडी."

"म्हंजे नामांतरणाच्या अर्जावानी," मागून आवाज आला. "पटवारी, बाबू, परत पटवारी."

आणि वारा पडला. दिवसा खारे वारे, रात्री मतलई, हे त्याने वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. मतलई संपले होते, खारे सुरू व्हायचे होते. त्या दोन धड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आम्ही उभे. शीड लोंबत होतं. कप्तानाकडे प्रत्येक वाऱ्यासाठी हुकूम होता, बिनवाऱ्यासाठी नव्हता. "दुपारी येल," तांडेल म्हणाला.

शेवटी बोरी उघडली. कप्तानाने पहिलं संत्रं सोलून तांडेलाला दिलं. तांडेलाने फोड खाल्ली आणि विचारलं, "बागेत काय भाव?"

झालं! डिसेंबर, अंबिया बहाराचा माल, फळगळ, व्यापारी बाग उभी घेतो ती कोणत्या हिशेबाने, वजनात कुठे मारतो, डिंक्या झाडाच्या बुंध्याशी कसा शिरतो. यात ऐकीव काही नव्हतं. तांडेल प्रश्न विचारत होता, आम्हीही गप्प बसून ऐकत होतो. असं आमच्या टोळक्यात सहसा होत नाही. वारा कधी आला, तांडेलाने सुकाणूचा दांडा अलगद त्याच्या हातात कधी दिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बोर्डो मलमापासून नागपूरच्या मंडीपर्यंत बोट कशी तारेसारखी सरळ गेली.

"अबे मास्तर, बोट तं तूच चालवून राह्यला!" कोणीतरी ओरडलं. ओरडायला नको होतं.

मास्तर गेला, कप्तान परत आला. "रेडी टू टॅक!" तो गरजला आणि दांडा पलीकडे लोटला. तांडेल म्हणाला, "डोकी खाली." आम्ही वाकलो. कप्तान हुकूम देणारा, वाकणार कसा? शिडाखालचा आडवा बांबू फिरला आणि सीताबर्डीवर घेतलेली नांगराची टोपी पाण्यात गेली. डोकं थोडक्यात वाचलं. "मॅन ओव्हरबोर्ड! आकडा आठचा फेरा मारा!" तांडेलाने आकडीची काठी घातली, टोपी उचलली, पिळून त्याच्या मांडीवर ठेवली आणि दुसरं संत्रं मागितलं.

सौंसरला पोचेपर्यंत हकिकतीतून तांडेल गळाला होता. भुसावळला तो निदान खलाशी तरी होता. शाळेत आता लाटा दुमजली आहेत. सहावीतल्या एका पोराने विचारलं, की सर, मग संत्री ओली नाही झाली? त्याला बाकावर उभं केलं.

मागच्या आठवड्यात 'आरमार'चं नाव बदलून 'बेस कॅम्प' झालंय. कळसूबाई, १,६४६ मीटर. सालदार सांगत होता, मास्तर परत दावं घेऊन गेले.