दीड सेकंद

पंचेचाळिशी उलटल्यावर काहीतरी नवीन शिकलेला गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. पाव भाजायला शिकलेला असेल, तर चहाच्या आधी तुम्हाला आंबवण दाखवतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमधला आमचा मित्र बेसबॉलची अंपायरगिरी शिकला. मुलगा शाळेच्या टीममध्ये होता तेव्हा हा कुंपणाबाहेर उभा राहून अंपायरला शिव्या घालायचा. मुलगा कॉलेजात गेला, शिव्या घालायची सोय गेली, म्हणून हा स्वतःच कुंपणाच्या आत गेला.

प्रशिक्षणात त्याला म्हणे पुष्कळ शिकवलं, पण त्याच्या अंगात एकच गोष्ट भिनली : टायमिंग. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये पूर्ण जाऊ द्यायचा, काय दिसलं ते मनात पुन्हा एकदा पाहायचं आणि मगच तोंड उघडायचं. हे पुन्हा पाहणं साधारण दीड सेकंदाचं. तो दीड सेकंद आता आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात शिरला आहे.

“चहा घेणार?” दीड सेकंद. “घेईन.” “साखर?” पुन्हा दीड सेकंद. मंडळाच्या गणपतीत आरतीचं तबक याच्यासमोर येतं, हा थांबतो आणि मागे रांग तुंबते. ओक ट्री रोडवर सिग्नल हिरवा झाला की हा आधी हिरव्याची खात्री करून घेतो. मागचे सगळे आपलेच लोक, हॉर्न वाजवण्यात कुणी कमी पडत नाही. एकदा वहिनींनी दुकानात साडी खांद्यावर टाकून विचारलं, “कशी दिसतेय?” त्या प्रश्नाला दीड सेकंद थांबणं हेच उत्तर असतं, हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आम्ही त्याला बकनर म्हणायला लागलो. स्टीव्ह बकनरचं ते बोट वर यायच्या आधीचं मख्ख थांबणं ज्यांनी सोसलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. 2008च्या सिडनी कसोटीनंतर याने स्वतः बकनरचा उद्धार केला होता. आता म्हणतो, “थांबत होता ते बरोबरच होतं रे. निर्णय चुकले, तो भाग वेगळा.”

एप्रिलच्या सुरुवातीला त्याने मला एक मॅच बघायला नेलं. नव्या अंपायरला मोठ्या पोरांच्या मॅचेस कोण देणार? नववीच्या मुलांची होती. कानशिलं बधिर करणारा वारा आणि कुंपणाला लागून घोंगड्या पांघरलेले आईबाप. आमचा बकनर मास्क, छातीवर पॅड आणि पँटीच्या आत पायांना ढाली अशा थाटात कॅचरच्या मागे वाकलेला. क्रिकेटमध्ये निदान दांड्या दिसतात. इथे 17 इंच रुंदीची प्लेट तेवढी जमिनीवर. गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतची वरची खिडकी सगळी हवेतली. त्यात एक पोरगा ताडमाड, पुढचा बुटका, म्हणजे खिडकी दर वेळी नवी. तिथे अंपायरला नावाने कुणी हाक मारत नाही, शर्टाच्या रंगाने मारतात. दर चेंडूनंतरच्या त्या दीड सेकंदात कुंपणाकडून कुणीतरी ओरडायचंच, “वेक अप, ब्लू!” मलाही ओरडावंसं वाटत होतं.

सातवी, म्हणजे शाळेच्या खेळातली शेवटची इनिंग. एका रनाचा फरक, दोन बाद, तिन्ही बेसवर पोरं, तीन बॉल, दोन स्ट्राइक. चेंडू खाली गुडघ्याशी आला, बुटक्याने बॅट हलवली नाही. दीड सेकंद. मग उजवा हात उठला : स्ट्राइक थ्री. मॅच संपली. पोराने मागे वळून एकदाच पाहिलं, हेल्मेट काढलं आणि गेला. बाप मात्र पार्किंगपर्यंत बोलत आला.

गाडीत बसल्यावर हीटर लावून बकनर म्हणाला, “बॉल होता तो. दोन इंच खाली.”

“मग?”

“मग काय. दीड सेकंद पाहिलं आणि तरी चुकलो.”

मग नेहमीची जिम जॉइसची गोष्ट. 2010 साली डेट्रॉइटचा गॅलारागा परफेक्ट गेमपासून एका बळीवर होता, आणि जॉइसने पहिल्या बेसवर बाद असलेल्याला सेफ दिलं. रिप्ले पाहून त्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी टीमची यादी घेऊन गॅलारागाच प्लेटपाशी आला आणि जॉइसला रडू फुटलं. ही गोष्ट मी निदान वीसदा ऐकली आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच पुढे एक वाक्य आलं : “त्याला निदान दुसऱ्या दिवशी तो पोरगा भेटला.”

घरी वहिनींना मी म्हटलं, तुमच्या बकनरचं टायमिंग जरा आवरा. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं न थांबवता म्हणाल्या, “राहू द्या हो. बावीस वर्षं माझं एक वाक्य यांनी पुरं होऊ दिलं नव्हतं.”

मला घरी सोडायला तोच आला. ओक ट्री रोडला सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. तो थांबला होता, आणि मी काही बोललो नाही.