भिंत उष्ण की थंड : गृहस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पितृपक्षात रंगकाम सुरू करू नये, असा एक नियम आहे आणि दिवाळीच्या आत ते संपलेच पाहिजे, असा दुसरा. मधे उरतो जेमतेम महिना. त्यातले तीन आठवडे उष्ण छटा घ्यायची की थंड, या चर्चेत घालवायचे आणि उरलेल्या दिवसांत पेंटरच्या नावाने खडे फोडायचे, अशी सर्वमान्य कार्यपद्धती आहे. प्रस्तुत मार्गदर्शन त्या तीन आठवड्यांपुरते आहे.

प्रथम व्याख्या. लाल, नारिंगी, पिवळा हे उष्ण. निळा, हिरवा आणि त्यांची भावंडे थंड. गटे या जर्मन महाकवीने १८१० साली रंगांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पिवळ्याला अधिक बाजूला, तर निळ्याला उणे बाजूला बसवले. आपल्याकडे एवढ्या खटाटोपाची गरज पडली नसती. पपई उष्ण, कोकम थंड हे ज्या घरात पाठ असते, तिथल्या आजी शेडकार्डाचे पहिले पान उलटतानाच नारिंगीवर बोट ठेवून सांगतात, ‘‘हा नको गं, पित्त खवळेल.’’

घरोघरी या कामी एक तज्ज्ञ असतो. तो बहुधा निवृत्त असतो. पूर्वी त्याला हे काम नव्हते, कारण भिंतीला चुनाच लागायचा. त्यात नीळ टाकली की पांढरा थंड व्हायचा, पिवडी टाकली की उष्ण; विषय संपला. आता शेकडो छटांचे पुस्तक हाती आल्यापासून तज्ज्ञ ते रात्री जेवणानंतर, ट्यूबलाइटखाली, चष्मा कपाळावर सरकवून वाचतो. इथेच पहिला नियम मोडतो : दिवसाच्या खोलीचा रंग रात्री ठरवू नये.

रात्रीचाही विचार करावा, पण आधी दिवा पाहावा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. म्हणजे ज्याला आपण थंड म्हणतो, त्याचाच आकडा मोठा. ही विसंगती तज्ज्ञाला फार आवडते. दूधवाल्यापासून विहिणीपर्यंत सर्वांना ती ऐकावी लागते. मात्र ६५०० च्या दिव्याखाली बदामी भिंत आजारी दिसते, हे त्याच्या ध्यानात येते ते दुसरा हात मारून झाल्यावर.

खिडकीचा नियम सर्वांत खरा आहे. उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही; येतो तो आभाळाचा उजेड, किंचित निळसर. अशा खोलीत राखाडी किंवा आकाशी लावला, तर बाराही महिने पाऊस भरून आल्यासारखे वाटते. तिथे मोतिया, बदामी, फिकट अबोली शोभतात. पश्चिमेची खोली उलट. दुपारी चारनंतर तिथली पिवळी भिंत इतकी पेटते, की पाहुणे खुर्ची फिरवून बसतात. तिला पिस्ता किंवा निळसर पांढरा द्यावा. पण त्याने खोलीतला पारा उतरेल, ही आशा सोडावी. पारा उतरवायचा तर गच्चीवर पांढरा थर द्यावा, तो ऊन परतवतो. ‘आकाशी लावा, एसी लागणार नाही’ असे सांगणाऱ्या मेहुण्याला चहा द्यावा, ब्रश देऊ नये.

फरशी बदलायची नसेल, तर मत फरशीचे घ्यावे. कोटा हिरवट-राखाडी असतो, त्याला थंड छटा चालतात आणि उबदार पांढराही चालतो. आयव्हरी टाइल्सना मात्र निळसर पांढरा सोसत नाही. भिंत आणि स्कर्टिंग जिथे भिडतात, तिथे नीट पाहावे : कालपर्यंत स्वच्छ दिसणारी टाइल चहा सांडून पुसल्यासारखी पिवळट दिसू लागते. मग मोलकरणीला बोलणी बसतात. तिचा काही दोष नसतो.

परदेशातल्या मुलाला फोटो पाठवू नये. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपल्या मर्जीने सावरतो. ‘‘बाबा, छान आहे, पण हा पांढराच आहे ना?’’ असे उत्तर येते आणि बाबांचे जेवण जात नाही.

वास्तुशास्त्राबद्दल स्वयंपाकघर आग्नेयेला असेल त्यांनीच बोलावे.

या सगळ्यात पेंटर काही बोलत नाही. तो खिडकी पाहतो, फरशी पाहतो, भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पोपडा कुठे सुटलाय ते ऐकतो आणि एवढेच म्हणतो, ‘‘काका, एक नंबर फिकट घ्या.’’ काकांना तो अपमान वाटतो. पण पेंटरचे बरोबर असते. चार भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात, त्यामुळे कार्डावरचा नखाएवढा श्रीखंडी चौकोन खोलीभर झाला की केशरी भासतो. शिवाय इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते. म्हणून ओल्या भिंतीसमोर भांडण करू नये, चार तास थांबून करावे.

नमुन्याचा छोटा डबा आणावा, समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत, दोन हात मारून. सकाळी, दुपारी आणि दिवा लावून पाहावे. नमुना पाहून घरच्यांनी मते द्यावीत, सोसायटीने देऊ नयेत.

अखेर बहुतेक घरांत क्रीम लागतो. तो लागल्यावर उरलेला अर्धा लिटर फेकू नका. डबा घट्ट बंद करून त्यावर शेडचा नंबर आणि खोलीचे नाव मार्करने लिहून ठेवा. दुकानात त्याच नंबरचा नवा डबा मिळतो, पण टचिंगला तो बरोबर जुळेलच असे नाही.