एकनाड, बी पॉझिटिव्ह

भाचीचं लग्न ठरतंय. 36 पैकी 30 गुण जुळले आणि मग दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह निघाला. फॅमिली ग्रुपवर हलकल्लोळ! 'एकच रक्तगट म्हणजे एकनाड, मुलं अधू होतात. एका डॉक्टरांकडून साभार.' कोणते डॉक्टर, ते विचारायचं नसतं. विचारलं की आपण आगाऊ.

मी लिहिलं, रक्तगट सारखा असल्यानं काही बिघडत नाही. बघायचंच तर थॅलेसेमिया बघा. दोघंही मायनर, म्हणजे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे खरोखरच आजारी, असण्याची शक्यता 25 टक्के. आणि मायनर माणूस दिसतो ठणठणीत, म्हणून तर रक्तातलं एचबी-ए-टू मोजायचं.

यावर मामांनी गूगल केलं आणि जनुकं 'शुद्ध' करणाऱ्या गव्हांकुराच्या रसाची लिंक टाकली. सगळ्यात वर आली, म्हणजे खरीच असणार. तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'जाहिरात' होतं, पण मामांचा चष्मा तेव्हा देवघरात होता.

मग मी आनुवंशिक आजारांवरचं 'जीनरिव्ह्यूज' हे संकेतस्थळ सुचवलं. तज्ज्ञांनी लिहिलेलं, इतर तज्ज्ञांनी तपासलेलं, शेवटची सुधारणा कधी झाली त्याची तारीख दिलेली, शिवाय फुकट. काकूंनी उघडलं. म्हणाल्या, "केवढं लांबलचक रे! आणि मधेच लिहितात, अमुक अजून नक्की माहीत नाही. त्यांनाच माहीत नाही तर आपण कशाला वाचायचं?"

भाचीनं गुपचूप दोघांची तपासणी करून घेतली. रिपोर्ट ग्रुपवर टाकला नाही. तिथे आता नाडीदोष शांतीचे दर आलेत, साहित्यासह आणि साहित्याशिवाय.