उभं राहायचं डिपॉझिट, नुसतं राहायचं डिपॉझिट

विधानसभेला उभं राहायचं तर खुल्या गटातल्या उमेदवाराला १० हजार रुपये अनामत भरावी लागते. हिंजवडीतल्या टू-बीएचकेमध्ये चौघांनी नुसतं राहायचं म्हटलं तरी आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. राज्याचा कारभार मागणाऱ्यापेक्षा दोन पंखे आणि एक गीझर मागणारा जास्त जोखमीचा, असा बाजाराचा हिशेब दिसतो. शिवाय उमेदवाराला नियम आधीच ठाऊक असतो: वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली की पैसे परत, नाहीतर जप्त. भाडेकरूचं डिपॉझिट कितव्या खिळ्याला जप्त होतं, हे मात्र घर सोडायच्या दिवशी, मालक भिंतीवरून बोट फिरवतो तेव्हाच कळतं. ‘नैसर्गिक झीज वगळता’ असं ॲग्रीमेंटमध्ये छापलेलं असतं खरं. पण आपल्याकडची भिंत आपणहून कधी झिजत नाही; ती भाडेकरूच झिजवतो, तेही बरोबर ११ महिन्यांत आणि अख्ख्या फ्लॅटच्या रंगकामाच्या भावात.

याला ‘अनामत’ म्हणायचं, तर ती ज्याच्याकडे ठेवली त्याने नुसती सांभाळायची असते. इथे सांभाळणाराच वापरतो, म्हणजे हे सरळ बिनव्याजी कर्ज झालं. हे मालक मानत नाही, भाडेकरूच्या लक्षात येत नाही. सरकारने मात्र केव्हाच मान्य केलंय. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते एकूण भाड्यात मिळवतात आणि बेरजेवर पाव टक्का घेतात. महिना ३० हजार भाडं आणि १ लाख २० हजार डिपॉझिट असेल, तर ११ महिन्यांचं धरलेलं व्याज ११ हजार आणि त्यावरचं शुल्क साडेसत्तावीस रुपये. रक्कम चहा-वड्याची आहे, पण कबुली मोठी आहे. त्याच करारात वर ‘बिनव्याजी’ लिहिलेलं, खाली त्याच व्याजावर शुल्क भरलेलं, आणि ते शुल्क बहुतेकदा ज्याला व्याज मिळणार नाही त्याच्याच खिशातून गेलेलं.

चौघांच्या फ्लॅटमध्ये तर हे कर्ज पिढीजात होतं. पहिला मुलगा नोकरी बदलून बंगळूरला जातो आणि आपल्या वाट्याचे ३० हजार मालकाकडे न मागता नव्या रूम पार्टनरकडून घेतो. मालकाला खिशात हात घालावा लागत नाही, एजंटला नवा कागद करावा लागत नाही, सगळे खूश. ॲग्रीमेंटवर नाव गेलेल्याचं, पैसे आलेल्याचे, आणि पुरावा म्हणून यूपीआयचा एक स्क्रीनशॉट. ही संगीत खुर्ची दोन-तीन वर्षं चालते. गाणं थांबतं तेव्हा जो उभा असतो, तो आपण कधीही न पाहिलेल्या माणसाने ठोकलेल्या खिळ्यांचे पैसे भरतो.

मालकांची बाजू खोटी नाही. मुलं विजेचं बिल थकवून जातात, शेवटचे दोन महिने ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणून मोकळी होतात. पण हे करतात कारण रोख परत मिळण्याची खात्री नसते. अविश्वासाची किंमत वाढवली म्हणून अविश्वास कमी होत नाही. आणि भीती दोन महिन्यांची असेल तर तारण दोन महिन्यांचं पुरे. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी नेमकी तेवढीच मर्यादा आहे. तो राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपलं काम १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर चालतं. ‘परवडत नसेल तर घेऊ नका’ हा उरलेला युक्तिवाद. तो ऑफिसपासून दोन तासांवर राहणाऱ्याने करावा, दोन फ्लॅट असणाऱ्याने नव्हे.

१९९९ च्याच कायद्याने करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. तेव्हा आज रात्री ॲग्रीमेंटची पीडीएफ उघडा आणि त्यात स्वतःचं नाव शोधा. सापडलं नाही, तर तुम्ही डिपॉझिट भरलेलं नाही; आधीच्या रूम पार्टनरला निरोपाचा आहेर केला आहे.